वीर बघायला जायचंय? आधी सिन्नर, मग पेठ

धुळवडीला घरोघरचे वीर, म्हणजे देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक, रामकुंडावर न्हायला येतात, दाजीबा वीराची मिरवणूक निघते, हे नाशिककराला सांगायला नको. पण कुणाच्याच देव्हाऱ्यात जागा न मिळालेले वीरही गावोगाव मातीत रुतून उभे आहेत: वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड. त्यांच्यासाठी ही भटकंती.

सिन्नर ही यादवांची सुरुवातीची राजधानी. गोंदेश्वराचं देऊळ पाहून सगळे परततात. आम्ही गाडी आजूबाजूच्या खेड्यांत घातली. मारुतीच्या देवळामागे, पारावर, जुन्या वेशीपाशी आधी बघायचं. एका पारालगत कमरेएवढा काळा वीरगळ होता. हा खालून वर वाचायचा. तळाला ढाल-तलवारवाला वीर आणि गाई, म्हणजे गुरं सोडवताना पडलेला. मध्ये अप्सरा त्याला वर नेताहेत, त्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून, माथ्यावर चंद्र-सूर्य. शेजारी सतीशिळा, सती गेलेल्या बाईचा दगड: कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. वीराचा चेहरा पार झिजलाय, बांगड्या मात्र अजून मोजता येतात. नाव दोन्हींवर नाही. त्याच दगडाला टेकून कुणीतरी मोटारसायकल लावली होती.

पेठ रस्त्याला सावळघाट ओलांडला की दगडांची तऱ्हा बदलते. कोरीव काम उथळ, पण पूजा चालू. इथे एक घोळ टाळा: चंद्र-सूर्यासोबत वाघ आणि नाग दिसला तर ते कुणाचं स्मारक नसून वाघदेव असतो, वाघबारशीला पुजला जाणारा.

जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत. पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत वाढतं आणि दगडांच्या सांदीत फुरसं, हा विषारी साप, असू शकतं. बूट घाला, हात घालण्याआधी काठी आपटा. दुपारी कोरीव काम सपाट दिसतं. सकाळी आठ-नऊच्या तिरप्या उन्हात तेच उठून येतं. ऊन नसेल तर बाजूने टॉर्च धरा. खडू, चुना, तारेचा ब्रश अजिबात नको, फार तर पाण्याचा हबका मारा. शेंदूर लावलेला असेल तर तेवढंही नको. चपला काढा, फोटोआधी विचारा.

आडगावांत एसटीच्या फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे दुचाकी बरी. पोरांना ‘वीरगळ’ विचारून उपयोग नाही. पारावरच्या एखाद्या बाबांना ‘जुने कोरलेले दगड कुठंत?’ म्हणा. चहाला बसवतील, बसा. आम्हाला दुसरा दगड तसाच कळला, धुण्याचा म्हणून पालथा घातलेला.