पहाटेचा ग्रास कटर आणि तक्रारीचा माझा अनुभव

आमच्या घराच्या मागच्या कंपाउंडला लागूनच एक मोठं लग्नाचं लॉन आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे गवत कापणारी पोरं ऊन चढायच्या आत काम उरकणार हे समजते, पण तो पेट्रोलवाला ग्रास कटर पहाटे साडेपाचलाच सुरू व्हायचा. खिडकी लावून घ्या म्हणणारे खूप भेटले, पण खिडकीत कूलर बसवलेला असते न, तो बंद खोलीत चालतच नाही, म्हणजे आवाज सरळ आईच्या पलंगावर.

मॅनेजरला आधी भेटून सांगितलं, काही फरक नाही. मग पोलिसांना फोन केला, गाडी आली, माणसं चांगली होती, पण तोवर मशीन बंद झालेली अन् आवाज मोजायचं मीटर त्यांच्याजवळ नव्हतं. पुढे एका ऑफिसात तर सांगितलं की हे नियम लाउडस्पीकरचे आहेत, गवताच्या मशीनचं आमच्याकडे काही येत नाही. तिथे माझं डोकं तापलं अन् मी नियमच वाचायला बसलो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम सन २००० चे आहेत. भोंगे, हॉर्न, फटाके, बांधकामाच्या मशीन यांची नावं त्यात वेगळी दिली आहेत, ग्रास कटरचं नाही, अन् म्हणूनच जो तो हात झटकून मोकळा होते. पण राहत्या वस्तीची मर्यादा मशीन पाहून ठरत नाही, दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, बस. आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६! मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त आवाज असला की कोणीही तक्रार करू शकते, म्हणजे साडेपाचला ५५ झाले तरी पुरे, तेच सहानंतर ६५ लागतात. सगळी केस या अर्ध्या तासात होती.

तक्रार ऐकायचा अधिकार जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) दर्जाखाली नसलेल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. तसा लेखी अर्ज टाकला, सहाच्या आत आमच्या कंपाउंडपाशी येऊन आवाज मोजा एवढंच मागितलं, सोबत घड्याळ दिसेल असे व्हिडिओ दिले आणि शिक्का मारलेली पोच घेतली. मोबाईलच्या अ‍ॅपमधले आकडे पुरावा म्हणून कोणी धरत नाही, पण व्हिडिओतली वेळ सगळ्यांनी पाहिली.

मोजायला कोणीच आलं नाही. लॉनवाल्याला मात्र बोलावणं गेलं आणि सातच्या आधी मशीन लावणार नाही असं त्याने लिहून दिलं, ते तो पाळून राहिला आहे. आई आता सकाळी झोपते. सातनंतर आवाज तेवढाच असतो, पावसाळ्यात गवत भराभर वाढते तेव्हा तर जास्तच वेळ चालते, म्हणून दिवसाचा आवाज मोजून द्या असा दुसरा अर्ज टाकला आहे, त्याचीही पोच घेऊन ठेवली आहे.