खाऱ्या हवेतली अलॉय चाके

रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात गाडीचे खरे वय तिच्या चाकांवरून ओळखावे. बॉडीला वर्षातून दोनदा पॉलिश करणारे लोकही अलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांकडे लक्ष देत नाहीत, कारण अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही ही समजूत पक्की असते. त्याला तांबडा गंज चढत नाही, इतपत ती बरोबर आहे. पण हवेतल्या खारातील क्लोराइड या धातूवरचा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर ठिकठिकाणी भेदते आणि तेथे पांढुरकी भुकटी धरून बारीक खड्डे पडू लागतात. म्हणूनच कारखान्यात बहुतेक चाकांवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा थर चढवतात. चाक धुताना आपला हात फिरतो तो या लॅकरवर, आणि ते शाबूत आहे तोवर आतल्या धातूची फारशी काळजी करावी लागत नाही.

लॅकरला पहिला उपद्रव गाडीच्याच ब्रेकचा होतो. ब्रेक दाबला की पॅड आणि बिडाची डिस्क ही दोन्ही थोडी थोडी झिजतात, आणि त्यातून उडालेले लोखंडाचे तापलेले कण लॅकरमध्ये रुतून बसतात व दमट हवेत तेथेच गंजतात. चाकावर हे जे बारीक तपकिरी ठिपके दिसतात, ते कितीही शाम्पू वापरला तरी निघत नाहीत. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे पुढची चाके मागच्यांपेक्षा लवकर काळी पडतात. मागे ड्रम ब्रेक असतील तर हा फरक फारच ठळक दिसतो, कारण ड्रममधली पूड बहुतांशी आतच राहते.

दुसरा उपद्रव मात्र आपण पैसे देऊन विकत घेतो. काही वॉशिंग सेंटरमध्ये चाकांवर पातळ केलेले अ‍ॅसिड सर्रास फिरवतात, आणि चाक क्षणात चकाकते म्हणून गिऱ्हाईकही खूश असते. अ‍ॅल्युमिनियम आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही. लॅकरला जेथे बारीकशी चीर असेल, तेथून हे द्रव आत शिरते. अशा काही क्लीनरमध्ये फ्लोराइडची आम्ले असतात आणि ती हात लावणाऱ्यालाही घातक असतात, ही गोष्ट मला चाकाच्या नुकसानीपेक्षा गंभीर वाटते. घरी कपड्यांची पावडर वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की तिच्यात धुण्याचा सोडा असतो.

चाके धुण्याचे काम बॉडीच्या आधी, सावलीत आणि चाक हाताला गार लागल्यावरच करावे. आंबा घाट उतरून आलेल्या गाडीच्या तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी मारणे डिस्कलाही चांगले नाही, आणि गरम चाकावर क्लीनर पसरण्याआधीच वाळून डाग धरतो. आधी पाण्याच्या धारेने सुटी माती काढावी, विशेषतः रिमच्या आतल्या बाजूची, कारण पावसाळ्यात तेथे जांभ्याचा चिखल थापून वाळला की चाकाचे बॅलन्सिंग बिघडते आणि वेगात स्टिअरिंग थरथरू लागते. मग कार शाम्पूचे पाणी व मऊ ब्रश घेऊन आरे, नटांचे खळगे आणि आतला भाग घासावा. या कामाची बादली आणि फडके बॉडीसाठी पुन्हा वापरू नये. रुतलेल्या लोहकणांसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो फवारल्यावर थोड्याच वेळात पांढऱ्या चाकावरून जांभळे ओघळ उतरू लागतात आणि गंधकाचा उग्र वास सुटतो. ही त्यातल्या थायोग्लायकोलेटची लोखंडाशी होणारी क्रिया असते. तो वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाकावा आणि चाक लगेच पुसून कोरडे करावे, कारण बोअरच्या जड पाण्याचे डागही चिवट असतात. नंतर गाडी थोडी चालवून ब्रेक हलके दाबावेत, म्हणजे डिस्क कोरड्या होतात.

संरक्षणासाठी कार्नोबा मेण अनेकांना आवडते, पण ते साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि ब्रेकच्या शेजारी ते फार दिवस टिकत नाही. माझ्या मते कृत्रिम सीलंटचा थर दर दोन-तीन महिन्यांनी देणे पुरेसे आहे. सिरॅमिक कोटिंग अधिक टिकते, परंतु ते नव्या किंवा पूर्ण स्वच्छ केलेल्या चाकांवर, चाके उतरवून आतूनही केले तरच त्या खर्चाला अर्थ आहे. फुटपाथच्या कडेला घासण्यापासून तेही वाचवत नाही.

डायमंड कट, म्हणजे दर्शनी भाग लेथवर कातून चकचकीत केलेल्या, चाकांना हे घासणे सर्वांत महागात पडते, कारण त्यांच्या चकचकीत पृष्ठभागावर फक्त पारदर्शक लॅकर असते. ओरखड्यातून खारट ओल आत शिरली की लॅकरखाली किड्याने पोखरल्यासारख्या नागमोडी पांढऱ्या रेषा पसरत जातात. मग लॅकर काढून पृष्ठभाग पुन्हा लेथवर कातावा लागतो, आणि प्रत्येक वेळी धातू कमी होत असल्याने हा उपाय फार वेळा करता येत नाही. ओरखडा ताजा असतानाच कोरडा करून त्यावर लॅकर लावून घ्यावे. मेटल पॉलिश मात्र अशा चाकांना लावू नये. ते लॅकर नसलेल्या उघड्या धातूसाठी असते. आडबाजूला थोडे घासून पाहावे, फडके काळे झाले तर धातू उघडा आहे असे समजावे.

टायरवाल्याकडे गेल्यावर बॅलन्सिंगसाठी रिमच्या कडेला ठोकायच्या क्लिपच्या वजनांऐवजी आतून चिकटवायची वजने लावून घ्यावीत, कारण क्लिप लॅकर खरवडते. चाक उतरलेच आहे तर चाक ज्यावर बसते त्या पोलादी हबवरचा गंजही तारेच्या ब्रशने काढून घ्यावा. खारट ओलीत पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना असे धरून बसतात की पंक्चर झाल्यावर नट निघतात, पण चाक हलत नाही. हबच्या मधल्या गोल कडेवर अँटी-सीझचा, म्हणजे धातू एकमेकांना धरू न देणाऱ्या वंगणाचा, अगदी पातळ हात द्यावा, मात्र बोल्टच्या आट्यांना आणि नटांच्या बैठकीला तो लागू देऊ नये, नाहीतर नट ठरल्यापेक्षा जास्त आवळले जातात.