जिप्सीची ट्रान्सफर केस अखेर ओळखली

मंडळी, गेल्या वेळी लिहिलं होतं की आमची मारुती जिप्सी किंग पाचव्या गिअरमध्येसुद्धा चौथ्यात असल्यासारखी ओरडते. बंगळुरू हायवेला रस्ता मोकळा मिळाला की हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे जायचा, आणि पुढे गिअरच नसायचा. बाहेरून टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा) लावून पाहिला. ३००० आरपीएमला फोनचा जीपीएस ७७ किमी दाखवत होता. क्लच घसरतोय म्हणावं, तर चढावर गाडी उलट जास्तच जोमात. घसरत्या क्लचची गाडी चढावर मान टाकते, ही नाही टाकत. म्हणजे घोळ रेशोचा होता, इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी त्या प्रमाणाचा. तो गिअरबॉक्सपुढच्या दोन ठिकाणी बिघडू शकतो: आसावरच्या डिफरन्शियलमध्ये, किंवा ताकद पुढच्या-मागच्या आसांना वाटणाऱ्या आणि हाय-लो अशा दोन चाली देणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये.

नाना पेठेतल्या मिस्त्रीमामांचं मत, "जिप्सीचाच माल आहे ना, मग झालं!" आता जिप्सीचा माल म्हणजे नेमका कुठला? १९८५ ची पहिली जिप्सी, एमजी ४१०, आली ती ९७० सीसी आणि चार गिअर घेऊन. १९९६ ला किंग आली, १२९८ सीसी आणि पाच गिअर. मधल्या आणि नंतरच्या वर्षांत भंगारातून, लिलावातून, जुन्या बाजारातून या गाड्यांचे अवयव इतके इकडचे तिकडे झालेत की आरसी बुकात काय लिहिलंय त्यावरून खाली काय लटकतंय ते कळत नाही. बाहेरच्या छापावरही माझा भरवसा नाही. छाप केसिंगची ओळख सांगतो, आतल्या दात्यांची नाही.

म्हणून सरळ फेरे मोजले. काहीही न उघडता होतं हे काम, फक्त गाडी उचलून धरायला घोडी, खडू आणि फेरे मोजायला एक माणूस हवा.

आधी मागचा डिफरन्शियल. गिअर न्यूट्रल, एक मागचं चाक जमिनीवर दगड लावून, दुसरं उचललेलं. एकच चाक फिरत असेल तर चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनची (डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चक्राची) एक फेरी होते, हे ध्यानात ठेवा. नाहीतर उत्तर निम्मं येतं आणि माणूस दिवसभर डोकं खाजवत बसतो. चाक वीस वेळा फिरवलं, म्हणजे क्राऊन दहा वेळा. प्रॉपेलर शाफ्टवर (डिफरन्शियलला ताकद आणणाऱ्या लांब दांड्यावर) खडूची रेघ होती, तिचे फेरे भरले एकोणचाळीस आणि वर थोडंसं. ३.९०९. क्राऊनला ४३ दाते, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ११. एसजे ४१० चा, म्हणजे एमजी ४१० ज्या सुझुकीवरून बनली तिचा असता (३७ आणि ९ दाते, ४.१११) तर एकेचाळीसच्या वर गेला असता. एकाच फेरीवर मोजलं तर हा फरक नजरेत येत नाही, दहावर लपत नाही. पुढचाही तसाच मोजला. फ्रीव्हील हब (पुढची चाकं आसापासून सोडवणारे) असतील तर लॉक करून घ्या, नाहीतर चाक नुसतंच गरगरतं. पुढचा-मागचा एकच निघाला. तो निघालाच पाहिजे, नाहीतर फोर-व्हीलमध्ये कोरड्या डांबरावर दोन्ही आस एकमेकांशी भांडत बसतात.

मग ट्रान्सफर केस. या गाडीची गंमत अशी की ती गिअरबॉक्सला चिकटलेली नाही. मध्ये एक आखूड शाफ्ट आहे, दोन्ही टोकं हाताला लागतात. आणि जुन्या विलीज जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये हाय म्हणजे सरळ एकास एक, तसं इथे नाही. इथे हायमध्येही रिडक्शन आहे, म्हणजे फेरे कमी होऊन ताकद वाढते. साध्या टू-व्हीलमध्ये चाललात तरी ताकद त्याच दात्यांतून जाते. किंगच्या, म्हणजे एसजे ४१३ च्या घराण्यातल्या, केसला हाय १.४०९ आणि लो २.२६८. एसजे ४१० च्या केसला १.५८० आणि २.५११.

गिअर न्यूट्रल, दांडा टू-एचवर (दोन चाकं, हाय), मागचा प्रॉपेलर दहा वेळा फिरवला. आखूड शाफ्टचे फेरे चौदा होतील अशी अपेक्षा. पंधरा झाले, तरी रेघ पुढेच. पावणेसोळा! लोमध्ये पंचवीस. संपला विषय, ४१० ची केस.

आता गणित जमतं. पाचवा ०.७९५, गुणिले १.५८०, गुणिले ३.९०९, म्हणजे ४.९१. २०५/७० आर१५ टायरचा घेर साधारण २.१ मीटर. ३००० आरपीएमला ७७ किमी, जीपीएस म्हणत होता तेच. मूळ केस असती तर एकूण ४.३८ आणि त्याच आरपीएमला ८६ किमी. पहिला-लो (पहिला गिअर, केस लोमध्ये) एकूण ३५.८ पडतो, मूळ ३२.४. चढावर गाडी का आनंदात असते ते यातच आलं.

पण कोणी मुद्दाम असं का करेल? उत्तर चाकाच्या कमानीत होतं. पुढच्या मडगार्डची आतली कड कोणीतरी ग्राइंडरने कापलीय. तिथे कधीकाळी मोठे टायर होते. २३५/७५ आर१५ चा व्यास २०५/७० पेक्षा सुमारे १० टक्के जास्त, आणि ४१० ची केस हायमध्ये सुमारे १२ टक्के जास्त रिडक्शन देते. दोन्ही एकत्र असताना गाडी जवळपास मूळच्या हिशेबावर येते. त्या माणसाने अगदी विचारपूर्वक केलं होतं. नंतर कोणीतरी विकताना मोठे टायर काढून घेतले आणि केस तशीच राहिली. माझ्या लेखी दोष त्या केसचा नाही, अर्ध्यावर सोडलेल्या जोडीचा आहे.

काही जणांनी नव्या गाड्यांचा गिअरबॉक्स कसा ओळखायचा ते विचारलं होतं. तिथे फेरे मोजायची वेळ सहसा येत नाही, प्रकार नावातच असतो. चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचे दोन बॉक्स घ्या. एमक्यू२०० मधला एम मॅन्युअलचा, क्यू म्हणजे आडवा बसवलेला. डीक्यू२०० मधला डी दोन क्लचचा, सात गिअर, कोरडे क्लच. झेडएफ कंपनीच्या ८एचपी या ऑटोमॅटिक बॉक्समध्ये आठ हा गिअरचा आकडा. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) हा मात्र वेगळा प्रकार वाटला तरी आत साधा मॅन्युअल बॉक्सच असतो, क्लच आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं.

माझा निर्णय: केस राहील. वेल्हे-तोरण्याकडच्या रस्त्यांना पहिला-लो असाच हवा, आणि मुंबईला जायला दुसरी गाडी आहे. टायर कुठले बसवायचे ते कमानीत जागा मोजून आणि आरटीओच्या नियमांत काय बसतं ते पाहून ठरवेन. त्याआधी तेल बदलायचंय. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडावा म्हणून असतात त्या) आहेत म्हणून जीएल-४ प्रतीचं, डिफरन्शियलला हायपॉइड (एकमेकांवर घासत फिरणाऱ्या दात्यांचे) क्राऊन-पिनियन म्हणून जीएल-५. मामा दोन्हीकडे एकच डबा ओतायला निघाले होते, तो डबा सध्या माझ्या ताब्यात आहे.