मान मोडलेल्या ट्रॉवेलपासून पुढचे नऊ महिने

नऊ महिन्यांपूर्वी बागकामाची पेटी जमिनीवर रिकामी केली. एकूण चौदा वस्तू निघाल्या. त्यांतल्या धड म्हणाव्यात अशा तीन. मान वाकलेले दोन ट्रॉवेल (माती उकरायची हातफावडी), दात फाकलेला हँडफोर्क (माती मोकळी करायचा छोटा काटा), स्प्रिंग हरवलेला सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), गंजलेलं आणि मूठ खुळखुळणारं खुरपं. उरलेल्या सहा ‘असू दे, लागेल कधीतरी’ या खात्यातल्या. तेव्हाच ठरवलं की आधीचं अवजार का मोडलं ते कळल्याशिवाय नवं घ्यायचं नाही.

सगळा भंगार माल ओळीने मांडला तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. एकाचंही पातं तुटलेलं नव्हतं. बहुतेकांचा घात झाला होता तो पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथे, म्हणजे मानेत. दोन्ही ट्रॉवेल तर अगदी एकाच जागी वाकलेले. पातळ पत्रा दाबून केलेलं पातं, त्याला मागून वेल्डिंगच्या दोन ठिपक्यांवर चिकटवलेली सळई, आणि ती सळई प्लास्टिकच्या मुठीत जेमतेम दोन बोटं आत. ट्रॉवेल घट्ट मातीत खुपसून आपण मूठ खाली दाबतो, म्हणजे त्याची पहार करतो, आणि तो सगळा जोर मानेवर येतो. मी मात्र इतकी वर्षं पात्याची चकाकी बघून ट्रॉवेल घेत आलो.

म्हणून पहिली खरेदी ट्रॉवेलचीच. या वेळी उलटं बघितलं, आधी मान आणि शेवटी पातं. दोन प्रकार पटले. एकात पातं आणि मान एकाच तुकड्यातून ठोकून घडवलेली असते, कुठे जोडच नाही. दुसऱ्यात मानेचं शेपूट लांब असतं, ते लाकडी मुठीत खोलवर जातं, आणि मुठीच्या तोंडाशी धातूची शेंबी, म्हणजे घट्ट कडं, असते, म्हणजे लाकूड तिथून चिरत नाही. मी दुसरा घेतला, कारण मूठ गेली तर बदलता येईल. घेण्याआधी एक परीक्षा केली. एका हातात पातं, दुसऱ्यात मूठ धरून कपडा पिळतात तसं पिळलं. कणभर जरी हललं असतं तरी परत ठेवला असता. हातात घेतल्याच दिवशी हलतं ते वर्षभराने निखळणारच.

लाकडी मूठ बघताना रेषाही बघा. त्या मुठीच्या लांबीला समांतर हव्यात. तिरप्या जाऊन कडेला बाहेर पडणाऱ्या रेषा म्हणजे पुढेमागे तिथूनच चीर. मुठीवर रंगाचा जाड थर असेल तर रेषा दिसतच नाहीत, आणि मला तर वाटतं की रंग त्यासाठीच देतात! माझ्या ट्रॉवेलवर व्हार्निश होतं. ते पॉलिश पेपरने पूर्ण काढलं आणि जवसाच्या कच्च्या तेलाचे तीन हात दिले. प्रत्येक वेळी पातळ लावायचं, वीसेक मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं आणि दोन-तीन दिवस सुकू द्यायचं. व्हार्निशच्या मुठीवर घामेजलेला हात घसरतो आणि मग फोड येतात. तेल प्यायलेली मूठ हाताला धरून राहते. एक सावधगिरी मात्र बाळगाच. जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून डब्यात टाकू नका. ते तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेऊन तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. मी बोळे उघड्यावर पसरून पूर्ण वाळवतो, मगच टाकतो.

स्टेनलेस की कार्बन स्टील, यावर दोन महिने घोळ घातला. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे ते सहजी गंजत नाही आणि ओली माती त्याला कमी चिकटते. कार्बन स्टीलला धार लवकर लागते आणि चांगली लागते, पण ओलं ठेवलंत की एका रात्रीत तांबूस. शेवटी वाटणी अशी केली: मातीत घालायचं ते स्टेनलेस, कापायचं ते कार्बन. एकच धातू सगळीकडे हवा हा हट्ट सोडला आणि डोकं शांत झालं.

अपवाद जुन्या खुरप्याचा. ते कार्बन स्टीलचं, ठोकून घडवलेलं आणि गंजाने माखलेलं. टाकून देणारच होतो, पण टोकाशी कानस फिरवून बघितली तर ती जेमतेम चावली, घसरतच होती. म्हणजे पात्याला पाणी व्यवस्थित चढवलेलं होतं, तापवून आणि विझवून ते कठीण केलेलं होतं. पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. सकाळी गंजाचा काळा चिखल झाला होता, तारेच्या ब्रशने भराभर निघाला. सोड्याच्या पाण्यात धुतलं, म्हटलं चहा घेऊन येतो मग पुसू. परत आलो तर पात्यावर नारिंगी झाक! उघडं पडलेलं लोखंड इतक्या लवकर गंज धरतं. पुन्हा घासलं, आणि या वेळी लगेच कोरडं करून तेल लावलं. मुठीचे रिवेट ढिले झाले होते, ते काढून नवे ठोकले. आता पेटीतलं सगळ्यांत लाडकं अवजार तेच आहे.

आता सिकेटर. सगळ्यांत जास्त वेळ, विचार आणि मूर्खपणा याच्यावर खर्च झाला.

आधी प्रकार. बायपासमध्ये पातं समोरच्या बोथट, वाकड्या आकडीच्या कडेने कात्रीसारखं सरकत जातं. ॲन्व्हिलमध्ये पातं सपाट पट्टीवर येऊन टेकतं, सुरी पाटावर टेकते तसं. जिवंत, हिरव्या फांदीला बायपासच हवा, कारण ॲन्व्हिल कापता कापता चेंगरतो. वाळक्या काटक्यांना ॲन्व्हिल चालतो. बायपाससुद्धा आकडीच्या बाजूला फांदी थोडी दाबतोच. म्हणून पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि आकडी कापून टाकायच्या भागाकडे धरायची. हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. माझ्या गुलाबांच्या फांद्या छाटल्या जागी काळ्या का पडायच्या, याचं निदान एक कारण तरी सापडलं.

घेतला तो फेल्को २. १९४५ साली स्थापन झालेली ही स्वित्झर्लंडची कंपनी. निवडीचं कारण नाव नव्हे, तर पातं, स्प्रिंग, नट, सगळं सुटं मिळतं आणि घरी बदलता येतं. जुना सिकेटर केवळ स्प्रिंग हरवली म्हणून निकामी झाला होता, आणि त्याचा सांधा रिवेटचा, उघडायची सोयच नाही. तेव्हा सांध्याला नट आहे की रिवेट, हे आता मी सगळ्यांत आधी बघतो. बहीण डावखुरी आहे. तिला याच मापाचा डाव्या हाताचा, फेल्को ९, घ्यायला लावला. उजव्या हाताचा सिकेटर डाव्या हातात धरला की कापायची जागा पात्याआड लपते, हे तिने एकदा दाखवलं तेव्हा पटलं.

आता मूर्खपणा. चौथ्या महिन्यात धार लावायला बसलो. बायपासच्या पात्याची बाहेरची बाजू उतरती असते, आकडीला घासणारी बाजू सपाट. धार फक्त उतरत्या बाजूला, मूळचा कोन धरून लावायची. सपाट बाजूवर कानस अगदी आडवी टेकवून एखाद-दुसरा हात, तोही धार लावताना कडेला उलटलेली बारीक कोर काढण्यापुरता. मी उत्साहाच्या भरात सपाट बाजूलाही कोन दिला. पातं वस्तऱ्यासारखं झालं, अंगठ्याच्या नखावर सुद्धा पकडत होतं, आणि कापेना! पातं आणि आकडी यांच्यात केसभर फट पडली होती. कोवळी काडी तुटण्याऐवजी त्या फटीत दुमडून बसायची आणि सालीचा दोरा लोंबत राहायचा. नट आवळून पाहिला तर सिकेटर इतका जड झाला की मनगट दुखायला लागलं. शेवटी नवं पातं मागवून बसवलं, दहा मिनिटांचं काम. नट असा आवळला की पातं मोकळेपणी उघडझाप करतं, पण आडवं हलत नाही. मग कागदाची पट्टी पात्याच्या बुडापासून टोकापर्यंत कापून पाहिली. कुठेही न दुमडता कापली गेली.

रोजच्या देखभालीचं फार नाही. काम झालं की चीक स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, सांध्यात तेलाचा थेंब. रोगट फांदी कापली असेल तर पुढच्या झाडाकडे जाण्याआधीच पात्याला स्पिरिट. आधी ब्लीचचं पाणी वापरायचो, त्याने पात्यावर बारीक खड्डे पडले.

पेटीत सध्या सात वस्तू आहेत: जुन्या तीन, ट्रॉवेल, सिकेटर, खुरपं आणि हिऱ्याची बारीक कानस. हँडफोर्कची जागा रिकामीच आहे. आतापर्यंत पाच बघितले. चारांचे दात पत्र्यातून कापलेले होते. पाचव्याचे भरीव सळईचे होते, पण पिळून बघितला तर मुठीतून ‘कट्’ असा आवाज आला. तूर्त मुळं मोकळी करायला खुरप्याचं टोकच चालवतोय.