खंभोळजच्या वाटेवर

खंभोळजच्या निराधारांच्या मातेला, म्हणजे मरियेच्या तिथल्या तीर्थाला, वडोदऱ्याहून पायी जायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडलं. त्यांचं माहेर श्रीरामपूरकडचं. यात्रा म्हणजे सप्टेंबरातली हरेगावच्या मतमाउलीची, तीही मरियाच, बाकी सगळं हौशी, असं त्यांचं मत. तरी दशम्या त्यांनीच बांधून दिल्या.

संध्याकाळी फत्तेगंजातून निघालो. छाणी, दशरथ, पदमला. मंडळी बहुतेक गुजराती, मराठी घरं आमची तीन-चार. जपमाळ गुजरातीत चालली होती, मधूनच कुणीतरी मराठी भजन उचलायचं. एका लारीवाल्याने चहा देता देता विचारलं, "डाकोर?" रणछोडरायाच्या डाकोरला पायी जाणारे त्याच्या ओळखीचे. खंभोळज म्हटल्यावरही त्याने पैसे घेतले नाहीत. पायी जाणारा तो पायी जाणारा. नंदेसरीजवळ कारखान्यांचा उग्र वास नाकात बसला, तो महीचा पूल येईस्तोवर गेला नाही.

बारा वर्षांचा आमचा मुलगा रात्रभर आमच्याबरोबर असा नव्हताच. कधी पुढे पोरांच्या घोळक्यात, कधी मागे कुणा मावशीची पिशवी घेऊन. त्याला खाकरा कुणी दिला, पायाला तेल कुणी चोळलं, मला पत्ता नाही. आणि गंमत म्हणजे काळजीही वाटली नाही. घरी हा पाच मिनिटं दिसला नाही तर मी गॅलरीतून हाका मारते.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय मला तिथे नव्याने कळला. मरिया आणि योसेफ वल्हांडणाला, यहुद्यांच्या मोठ्या सणाला, दरवर्षी नाझरेथहून यरुशलेमला जात. शंभर किलोमीटरच्या वरची वाट. यरीहोकडून गेलं तर शेवटी जवळजवळ हजार मीटरची चढण. वाटेत म्हणायची स्तोत्रं आजही आपल्या बायबलात आहेत, १२० ते १३४. येशू बारा वर्षांचा असताना परतीला तो मागेच राहिला आणि आईबापांना दिवसभर कळलं नाही. आजवर हे वाचताना वाटायचं, असं कसं होईल? सोबत्यांबरोबर असेल, असं त्यांनी धरलं, एवढंच लूक सांगतो. अशा चालीत एवढं पुरतं. तिथे पोर सगळ्यांचं असतं.

आमच्या दिवाणखान्यात पवित्र कुटुंबाची तसबीर आहे. तिघंही शांत, योसेफाच्या हातात रंधा. लूकचं घर तसं नाही. तिसऱ्या दिवशी पोरगं मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारताना सापडतं आणि आई सगळ्यांदेखत त्याला बोलते: आम्ही किती कष्टी होऊन शोधलं तुला! त्यावर तो म्हणतो, मी माझ्या पित्याच्या घरात असणार, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? पिता म्हणजे देव. योसेफ शेजारी उभा. त्याला काय वाटलं असेल? चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही, आणि या प्रसंगानंतर तो कथेत पुन्हा येतही नाही. मला या सगळ्यात तोच जवळचा वाटतो. दरवर्षी त्या मुलाला या वाटेने नेलं कुणी? त्या घराची ओढ लागली ती या वाऱ्यांतूनच ना? त्यांना त्याचं बोलणं समजलं नाही, हेही लूकने लपवलेलं नाही. मग तो त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला.

वासदला पहाटे टेकलो तेव्हा टाचेला फोड आला होता. पुढचा रस्ता शेतांमधून, सोपा. खंभोळजला मिस्सा झाली, मेणबत्त्या लावल्या, रांगेत उभं राहून जेवलो.

जेवताना मुलाने विचारलं, "मम्मी, येशूने आधी सांगितलं का नाही, मी थांबतोय म्हणून?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर हे म्हणाले, "सांगितलं असतं तर राहू दिलं असतं का?"

मला काही पटलं नाही. तीन दिवस त्या बाईच्या घशाखाली घास उतरला असेल का? परतीच्या बसमध्ये यावरून आमची चांगलीच जुंपली, आणि मधल्या सीटवर बसून चिरंजीवांनी दोघांच्या वाटचे गाठिये संपवले.