घरात सगळं ऐकतो, खाली गेला की ऐकत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. ठाण्यात घोडबंदरच्या टॉवरमधले असोत की नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सचे, कुत्रा पाळणाऱ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच असतो: "घरात 'बस' म्हटलं की बसतो, 'ये' म्हटलं की धावत येतो. लिफ्टमधून खाली उतरलो की मी कोण आणि तो कोण! मुद्दाम करतो का हा?"

मुद्दाम करत नाही. खाली त्याला ते येतच नाही. कुत्रा शब्द सुटा करून शिकत नाही, ज्या प्रसंगात शब्द ऐकला तो अख्खा प्रसंग शिकतो. हॉल, सोफ्यासमोर उभे असलेले तुम्ही, खिशाकडे जाणारा उजवा हात, आजूबाजूला दुसरं कोणी नाही, हे सगळं मिळून त्याच्या लेखी 'बस' झालेलं असतं. खात्री करायची असेल तर आज घरातच करून बघा. हात पाठीमागे धरा, भिंतीकडे तोंड करा आणि नेहमीच्या आवाजात 'बस' म्हणा. रोज बसणारा कुत्रा गोंधळून नुसता उभा राहण्याची शक्यता बरीच आहे, कारण तो शब्दाआधी तुमचा हात आणि खांदे वाचत असतो. पार्किंगमध्ये तुमच्या एका हातात लीश आणि दुसऱ्यात मोबाइल. त्याला ओळखीची खूण दिसणार कुठून?

दुसरं कारण नाकाचं. बाविसेक तास बंद फ्लॅटमध्ये काढलेला कुत्रा खाली येतो तेव्हा टायरवर दुसऱ्या कुत्र्यांचे वास असतात, गाड्यांखाली मांजरं असतात, डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीतून बिर्याणीचा वास येत असतो. त्यात त्याला लघवी लागलेली. लिफ्टचं दार उघडल्या उघडल्या 'बस, बस' सुरू करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पहिली १० मिनिटं त्याला मोकळी द्या. सैल लीशवर हवं ते हुंगू दे, शी-शू होऊ दे. शिकवणी त्यानंतर.

आता खाऊ. घरात रोजच्या जेवणातले कोरडे दाणे चालतात, खाली चालत नाहीत, कारण तिथली स्पर्धा बिर्याणीशी आहे. खाली उकडलेलं चिकन न्या: मीठ, कांदा, लसूण काही न घालता शिजवलेलं, हाडं काढलेलं. तुकडा हरभऱ्याएवढा, त्याहून मोठा नको. ५० ग्रॅम चिकनचे असे शंभरेक तुकडे सहज होतात. शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेलं रताळं चालतं, पण पनीर काही कुत्र्यांना पचत नाही, म्हणून पहिल्या दिवशी चार-पाच तुकड्यांवर थांबा. दिवसभराचा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शात बसवा आणि तेवढं जेवण कमी करा, नाहीतर वर्षभरात वजनाचा प्रश्न उभा राहतो. प्रसादाच्या शिऱ्यातला मनुका, द्राक्ष, चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगगम यांतलं काहीही देऊ नका. द्राक्ष-मनुक्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्लं तर होतील याचा भरवसा नाही.

खाऊ कधी मिळतो यावर सगळं अवलंबून आहे. कुत्रा बसला त्या क्षणी, सेकंदाच्या आत, एक ठरलेला छोटा शब्द उच्चारा. 'येस' म्हणा, 'हां' म्हणा, पण रोज तोच. आधी शब्द, मग हात खाऊच्या पाऊचकडे. खाली पाऊच उघडून तुकडा काढायला दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात कुत्रा उठून टायर हुंगायला लागलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं. तो छोटा शब्द ही फट भरून काढतो. आणि शब्दाआधी हात पाऊचकडे गेला, तर कुत्रा तुमचं ऐकणं सोडून पाऊचवर नजर ठेवायला शिकतो.

मग घरातलं शिक्षण पायरीपायरीने खाली उतरवायचं. हॉलनंतर दाराबाहेरचा पॅसेज, मग लिफ्टची लॉबी, मग दुपारी अडीच-तीनचं शांत पार्किंग, मग गेटच्या आतली बाजू, मग गेटबाहेरचा फुटपाथ. ठाण्याचं उपवन, तलावपाळी किंवा संध्याकाळचा वाशीचा बाजार अशा गर्दीच्या जागा सगळ्यात शेवटी. एका वेळी ५ मिनिटं पुरे, साधारण १० प्रयत्न. दहापैकी आठ जमले तर पुढची पायरी. पाचपेक्षा कमी जमले तर निमूट मागची. बहुतेक जण हॉलमधून थेट तलावपाळी गाठतात आणि तिथे फसले की कुत्र्याला हट्टी ठरवतात.

जागा बदलली की बाकीचं सोपं करा. हॉलमध्ये तो मिनिटभर बसून राहत असेल तर पॅसेजमध्ये ५ सेकंद मागा. तुमच्यातलं अंतर, थांबायचा वेळ आणि आजूबाजूची गडबड, तिन्हींपैकी एका वेळी एकच वाढवायचं. शब्दही एकदाच. 'बस, बस, अरे बस ना!' असं रोज ऐकणारा कुत्रा तिसऱ्या हाकेला बसायचं असतं हे शिकतो. एकदा म्हणा, तीन-चार सेकंद थांबा, नाही जमलं तर हाताची खूण करा. तरीही नाही, तर जागा फार गजबजलेली आहे, चार पावलं लांब जा. घरात आजी 'बैस', बाबा 'सिट', धाकटी 'डाऊन' म्हणत असेल तर एक शब्द ठरवून फ्रिजवर चिकटवा.

आता 'ये'. सगळ्यात जास्त बिघडलेली गोष्ट हीच असते, आणि ती माणसं बिघडवतात. 'ये' म्हटलं आणि आंघोळ घातली. 'ये' म्हटलं आणि कानात औषध टाकलं. खाली छान खेळत होता, 'ये' म्हटलं आणि लीश अडकवून घरी आणलं. असं काही वेळा झालं की 'ये' म्हणजे मजा संपली, हे त्याला कळतं. म्हणून नियम कडक ठेवा: न आवडणाऱ्या कामासाठी हाक मारायची नाही, स्वतः जाऊन त्याला आणायचं. आणि खाली मारलेल्या दहा हाकांपैकी आठ-नऊ वेळा, आला, खाऊ दिला, 'जा' म्हणून पुन्हा सोडला, असं झालं पाहिजे. मग परत येण्यात त्याचा तोटा उरत नाही.

सरावाला ५ ते १० मीटरची साधी लांब दोरी घ्या. ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा, कॉलरला नाही. १० मीटर धावून दोरी संपली की येणारा झटका मानेवर बसता कामा नये. बटण दाबून मागेपुढे होणारी लीश या कामाला घेऊ नका. तिचा बारीक पट्टा बोटं कापतो, आणि ती सतत किंचित ओढत असल्यामुळे ओढलं की लांब जाता येतं एवढंच कुत्रा शिकतो. आपल्याकडे मोकळी जागा मिळणं अवघड, हे खरं. सोसायटीचं पोडियम मुलं खाली यायच्या आधी, कमिटीला सांगून वापरता येतं. पहाटेचं रिकामं मैदान चालतं. येऊरला मात्र कुत्रा मोकळा सोडू नका, दोरीवरही सरावाला नेऊ नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत आणि कुत्रा हे बिबट्याचं भक्ष्य आहे. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत फ्लेमिंगो उतरतात. तिथे आखूड लीशवरच चालवा, कुत्रा अंगावर धावला की पक्ष्यांचा अख्खा थवा उठतो.

हाक मारूनही आला नाही तर मागे धावू नका. त्याच्यासाठी तो पकडापकडीचा खेळ होतो आणि त्यात तो तुम्हाला हरवणार. उलट दिशेला पळा किंवा खाली बसून हलक्या आवाजात बोला. दहा मिनिटांनी आला तरी रागवायचं नाही. मला हे सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. तुमच्या दृष्टीने तुम्ही पळून जाण्याबद्दल रागावता, त्याच्या दृष्टीने जवळ आल्याबद्दल. पुढच्या वेळी तो वीस मिनिटं लावेल.

अर्धे कुत्रे येतात, पण हाताला लागत नाहीत. दोन फुटांवर थांबून अंग चोरतात, कारण हात पुढे आला की पकडलं जातं. हे घरीच दुरुस्त होतं. कॉलरला हात लावा, खाऊ द्या, हात काढा. रोज १० वेळा, आठवडाभर. क्रम तोच ठेवा: आधी हात, मग खाऊ.

'सोड' ही सवय आपल्या रस्त्यांवर जीव वाचवते. चायनीजच्या गाडीमागची हाडं, वडापावचे तेलकट कागद, पार्किंगच्या कोपऱ्यात उंदरांसाठी टाकलेलं औषध, सगळं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. शिजवलेलं हाड फुटून त्याच्या टोकदार कपच्या होतात, त्या आतड्यात रुतू शकतात. शिकवायचं असं: एका मुठीत कोरडे दाणे बंद करून नाकासमोर धरा. तो चाटेल, पंजा मारेल, काही बोलू नका. क्षणभर तोंड मागे घेतलं की ठरलेला शब्द म्हणा आणि दुसऱ्या हातातलं चिकन द्या. मुठीतले दाणे कधीच द्यायचे नाहीत. जमलं की उघडा तळहात, मग जमिनीवर पायाखाली झाकलेला दाणा, मग कुत्र्याला लीशवर घेऊन त्या दाण्याच्या बाजूने चालत जाणं. 'सोड' हा शब्द कुत्रा स्वतःहून मागे हटायला लागल्यावरच जोडा. तोंडात गेलेलं बोटं घालून ओढून काढलंत, तर पुढच्या वेळी तो तुम्हाला बघताच गिळून टाकेल. नाकाशी चिकन धरून अदलाबदल करा. उंदराचं औषध पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता, पाकीट मिळालं तर ते घेऊन, डॉक्टरांकडे पळा.

लिफ्टमध्ये कुत्रा कोपऱ्यात आणि दाराच्या बाजूला तुम्ही, ही जागा ठरवून टाका. आत दुसरा कुत्रा किंवा घाबरणारं माणूस असेल तर ती लिफ्ट जाऊ द्या. पाळीव कुत्र्याला लिफ्टची मनाई करू नये, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, पण शांत बसणाऱ्या कुत्र्यासाठी तो कागद सहसा काढावा लागत नाही. गेटवरच्या भटक्या कुत्र्यांजवळून जाताना लीश आवळू नका. ती ताठ झाली की तुमची भीती थेट त्याच्यापर्यंत पोचते. लांबून वळसा घ्या आणि चालत राहा.

चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) किंवा चापटीने काम लवकर होतं असं सांगणारे भेटतील. दुखलं की कुत्रा थांबतो, हे खरं. पण दुखताना समोर जे दिसलं त्याच्याशी तो ते दुखणं जोडतो, आणि समोर बहुतेक वेळा दुसरा कुत्रा किंवा सायकलवरचं मूल असतं. मग त्यांच्याच अंगावर भुंकणं सुरू होतं. मी हा मार्ग कुणालाही सुचवत नाही.

सहा महिने ते दीड वर्ष या वयात कुत्रे शिकलेलंही विसरल्यासारखं करतात. तेव्हा दोन पायऱ्या खाली उतरा आणि लांब दोरी काढू नका, एवढंच. एप्रिल-मेमध्ये डांबरावर तळहाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवता येत नसेल तर सराव पार्किंगच्या सावलीत करा. पावसाळ्यातही तेच पार्किंग उपयोगी पडतं, फक्त घरी आल्यावर पंजे कोरडे करून बोटांच्या मधे आणि कानांत गोचीड बघा.

खाऊ जन्मभर द्यायचा का, हे पुढचं विचारणं असतंच. एखाद्या जागी 'बस' पक्कं झालं की तिथे दर दोन-तीन वेळांनी एकदा द्या, मग कधीतरीच. नव्या जागी पुन्हा प्रत्येक वेळी. 'ये'चा खाऊ मात्र बंद करू नका. कुत्रा दहा वर्षांचा झाला तरी खिशात दोन तुकडे ठेवूनच खाली उतरा.