दोरीचं वेटोळं आणि कमळ

दहावी ब, १९८८. भूगोलाचे सर आले नव्हते म्हणून ऑफ तासाला गणिताच्या बाई आल्या आणि मागच्या बाकावर आमचं भांडण चाललेलं, ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या गोष्टीतलं बुडालेलं बेट अटलांटिस नक्की कुठे. बाई ओरडल्या नाहीत, जगाचा नकाशा फळ्याशेजारी टांगला, म्हणाल्या, या पुढे, दाखवा.

एकाने अटलांटिकच्या मधोमध बोट ठेवलं. मी ग्रीसच्या सँटोरिनीवर, कारण मासिकात तेच वाचलेलं. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास तिथे ज्वालामुखी फुटला, बेटाचा मधला भाग समुद्रात गेला, राखेत गाडलेलं आक्रोतिरी गाव १९६७ पासून खणतायत, भिंतींवरची चित्रंसुद्धा शाबूत, अजून काय पाहिजे! बाकावरचा पार्टनर म्हणाला, अरे पण प्लेटो म्हणतो हर्क्युलिसच्या खांबांपलीकडे, म्हणजे जिब्राल्टरच्या बाहेर, आणि इजिप्तच्या पुजाऱ्यांकडून ही गोष्ट ऐकणाऱ्या अथेन्सच्या सोलोनच्या आधी ९,००० वर्षं. माझं उत्तर रेडी (तेही मासिकातलंच), इजिप्तच्या पुजाऱ्यांचं ऐकताना एक शून्य जास्त पडलं, ९०० धरा, बरोब्बर बसतं.

बाई म्हणाल्या, "इजिप्तवाले शंभर लिहिताना शून्य द्यायचे का रे?" खडू घेऊन दोरीचं वेटोळं काढलं, हे शंभर. शेजारी कमळ, हे हजार. "आता सांग, यात गफलत कशी होईल? शून्य तू खातोस, बीजगणिताच्या पेपरात." वर्ग फुटला हसून.

पुढे मर्चंट नेव्हीत गेलो, पहिल्यांदा जिब्राल्टर ओलांडलं ते रात्री, जेमतेम १४ किलोमीटरची चिंचोळी वाट, दोन्हीकडे दिवे, आणि मला आठवलं ते कमळ. आता विचाराल तर मला वाटतं प्लेटोने अथेन्सवाल्यांना टोचायला रचलेली गोष्ट आहे, बुडण्याचा मसाला मात्र घरचा असणार, त्याच्या हयातीतच, इसवी सनापूर्वी ३७३ मध्ये, हेलिके शहर भूकंपाने एका रात्रीत समुद्रात गेलं होतं.

गेल्या महिन्यात बॅचच्या ग्रुपवर एकाने मॉरिटानियातल्या रिशातचा व्हिडिओ टाकला, वाळवंटात गोल गोल कडी, "सापडलं!!" मी लिहिलं, बाबा, ती कडी ४० किलोमीटर रुंद, प्लेटोच्या शहरालाही गोल कडी होती पण सगळी मिळून ५ च्या आसपास, आणि बुडालेलं शहर सहारात समुद्रसपाटीच्या ४०० मीटर वर कसं? त्यावर पार्टनरने नुसतं कमळाचं इमोजी टाकलं. लगेच अ‍ॅडमिनचा मेसेज, ग्रुपवर राजकारण नको.